जाळ्यात आलेला 'लाखांचा मासा' आणि भिंतीपाशी अडलेला स्टर्जन

गोदाकाठचा (धागाकर्ता)

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास मावसभावाचा फोन आला. तो नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावर मासे धरतो. आवाज एकदम दबका. "दादा, जाळ्यात येगळाच मासा गावलाय. अंगावर सगळ्या ढाली. शेजारच्या पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं, स्टर्जन हाय म्हणे. ह्याची अंडी लाखात जातात. कुणाला बोलू नको, सकाळी ये."

सकाळी गेलो. अंगणात टबात फूटभर काळपट मासा. पोट सपाट, पाठीवर शिडासारखा पर, आणि तोंड खालच्या बाजूला, टबाच्या तळाला घट्ट चिकटवलेलं. सोडवायला गेलं तर टब उचलला जायला लागला. हा सकर मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शहरात लोक काचेच्या टाकीत शेवाळ खायला म्हणून ठेवतात आणि फार वाढला की जीवदान दिल्याच्या थाटात नदीत सोडून येतात. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. जाळं मात्र फाडतो. भावाच्या नव्या जाळ्याला पंजाएवढं भोक पडलं होतं. लाख राहिले बाजूला, जाळ्याचा खर्च अंगावर आला.

ओळख पटवणं तसं सोपं आहे. सकरच्या अंगावर कौलांसारख्या एकावर एक ढाली असतात. स्टर्जनला ढालींच्या मोजून पाच ओळी: एक पाठीवर, दोन कुशींना, दोन पोटाकडे. मधली कातडी उघडी. नाक लांबुळकं, त्याच्याखाली आडव्या ओळीत चार मिशा, मग तोंड. ते तोंड नळीसारखं बाहेर काढून तळातले किडे-शिंपले ओढून घ्यायचे. मोठेपणी दात नसतात. सांगाडा बहुतेक कूर्चेचा, शेपटी शार्कसारखी, वरचा फाटा लांब. आणि मुख्य म्हणजे भारतातल्या कुठल्याच नदीत हा मासा निसर्गतः नाही.

मी प्राणीशास्त्रात एमेस्सी करून खताचं दुकान चालवणारा माणूस. त्या पोराला समजावून सांगावं म्हणून जुनी वही काढली आणि तीन रात्री वाचतच बसलो. जे वाचलं त्यातलं चिनी स्टर्जनचं प्रकरण डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

हा मासा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला यांगत्से नदीच चढणार. पूर्वी मुखापासून पार यीबिनच्या वरपर्यंत, म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून जास्त, जायचा. उन्हाळ्यात नदीत शिरायचा, हिवाळा नदीतच काढायचा आणि दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडी घालायचा. या सव्वा वर्षात जवळजवळ काही खात नाही. आपली एकादशी पंधरा दिवसांनी येते, याची पंधरा महिने चालते. अंडी चिकट असतात, गोट्यांच्या तळाला आणि फटींत धरून राहतात. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत-वाढत खाली येतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्राशी पोहोचतात.

जानेवारी १९८१ मध्ये यिचांगजवळ गेझोउबा धरणाने नदी अडवली. वरच्या सहा-आठशे किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली अंडी घालायची सगळी ठिकाणं एका भिंतीपलीकडे गेली. माशाने काय केलं? भिंतीखालीच, चार-पाच किलोमीटरच्या तुकड्यात अंडी घालायला सुरुवात केली. तेव्हा अनेकांना हायसं वाटलं. जमवून घेतलं म्हणाले. मग २००३ पासून वरच्या थ्री गॉर्जेस धरणात पाणी साठू लागलं. धरण म्हणजे मोठा रांजण. उन्हाळ्यात तापलेलं पाणी शरदातही लवकर गार होत नाही. माशाला अंडी घालायला वीस अंशांच्या खालचं पाणी लागतं. पाणी गार व्हायला उशीर, म्हणून अंडी घालायलाही उशीर. २०१३ मध्ये पहिल्यांदा असं झालं की भिंतीखाली शोधूनही अंडी सापडली नाहीत. २०१६ मध्ये थोडी सापडली. २०१७ पासून नैसर्गिक वीण दिसलेलीच नाही.

मला खटकलं ते यातलं अंतर. भिंत १९८१ ची आणि वीण थांबली २०१७ ला. मधली छत्तीस वर्षं मासा दिसत होता! कारण नर वयात यायला आठ ते अठरा वर्षं, मादीला चौदा ते सव्वीस. आणि वयात आली तरी दरवर्षी अंडी नाहीत, मध्ये काही वर्षांचा खंड. म्हणजे धरणाआधी जन्मलेली पिढीच कितीतरी वर्षं येऊन भिंतीला धडकत होती. आपल्याकडं काही गावांची मतदार यादी भरलेली असते आणि शाळेचा पट शून्यावर आलेला असतो, तसं. यादी बघणाऱ्याला गाव नांदतंय असंच वाटतं.

अर्धा_कप_चहा

शीर्षक बघून वाटलं जमिनीच्या व्यवहारासारखं काहीतरी असेल, म्हणून उघडला. पण वाचत गेलो. एक बाळबोध प्रश्न, अंडी खरंच एवढी महाग का? आमच्याकडं माशाची गाबोळी तळून फुकट वाढतात.

गोदाकाठचा

@अर्धा_कप_चहा, बाळबोध नाही, प्रश्न बरोबर आहे. गाबोळीच ती. मीठ लावलेली. तिला कॅव्हियार म्हणतात. महाग असायचं कारण वर लिहिलंय तेच: मादी पंधरा-वीस वर्षांनी कुठं अंड्यावर येते, आणि जंगली मासा धरला की पोट फाडूनच अंडी काढायची पद्धत. म्हणजे एका डब्यासाठी वीस वर्षांचं झाड बुंध्यापासून तोडायचं. कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातल्या बेलुगा जातीच्या स्टर्जनची यातच वाट लागली. १८२७ साली व्होल्गाच्या मुखाशी धरलेला बेलुगा सात मीटरहून लांब आणि दीड टनापेक्षा जास्त वजनाचा होता, अशी नोंद आहे. आमच्या दुकानातल्या तीस पोत्यांची थप्पी धरा. आता बेलुगाही अतिसंकटग्रस्त. १९९८ पासून सगळ्याच स्टर्जनचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली, म्हणजे संकटातल्या जीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराखाली, आला.

कालव्याचा_शेवट

धाग्याची दिशा ओळखीची वाटली म्हणून लिहितो. धरणानं मासा मेला, मग धरण वाईट, मग जायकवाडी वाईट, असं पुढं येणारच आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत आमचे पाहुणे होते, मासे नव्हते. माझी जमीन डाव्या कालव्याच्या पार टोकाला. वरचे सगळे पिऊन उरलं तर मला पाणी. तरीही धरण नको असं मी मेलो तरी म्हणणार नाही. चीनच्या माशाचं दुःख पुण्याच्या गॅलरीत बसून करायला ठीक आहे.

मास्तर_परभणीचे

@कालव्याचा_शेवट, भाऊ, तुमचा राग समजतो, पण धागाकर्ता पुण्याच्या गॅलरीत नाही, पैठण तालुक्यात युरिया विकतोय.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मीच देतो. अमूर नदी, रशिया आणि चीनच्या सीमेवरची. तिच्या मुख्य पात्रावर एकही धरण नाही. तिथला कलुगा स्टर्जन तरीही अतिसंकटग्रस्तच आहे. तिथं मारलं ते गाबोळीच्या चोरट्या धंद्यानं. म्हणजे नुसत्या धरणाच्या नावानं बोटं मोडून भागत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत मेन राज्यात केनेबेक नदीवर एडवर्ड्स नावाचं १८३७ चं धरण होतं. वीज नावालाच देत होतं. १९९९ मध्ये ते पाडलं आणि वरच्या पात्रात स्टर्जन परत दिसू लागले. पण ते धरण कुणाची तहान भागवत नव्हतं. जायकवाडी आणि एडवर्ड्स एका तागडीत घालणारा माणूस मला अजून भेटायचाय. भेटला तर मीही तुमच्या बाजूनं भांडेन.

कालव्याचा_शेवट

मास्तर, रागानं लिहून गेलो. धागाकर्त्याची माफी. पण मग उपाय काय, ते सांगा. वाईट वाटून घेणं हा उपाय नाही.

ताई_अंबाजोगाईच्या

छान चर्चा. मला वाटतं माशांसाठी पायऱ्या करतात ना धरणाला? एका माहितीपटात पाहिलं होतं, मासे टप्प्याटप्प्याने उड्या मारत वर जातात. त्या का नाही केल्या?

गोदाकाठचा

ताई, उड्या मारणारा तो सामन, म्हणजे सॅल्मन. स्टर्जन तळाशी सरपटल्यासारखा पोहणारा, दोन-तीन मीटर लांबीचा गडी. सामनच्या मापाच्या पायऱ्या त्याच्या कामाच्या नाहीत. गेझोउबाच्या वेळी माशासाठी वाट ठेवायची की नाही यावर तिथं बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की वाट नको, हॅचरीत पैदास करून पिल्लं सोडू.

बरं, समजा मासा उचलून वर नेला. अर्धंच काम झालं. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत यायला हवीत. वर आता प्रवाह कुठाय? जलाशय. त्यात पिल्लं थांबतात, गाळात बसतात, दुसऱ्या माशांच्या तोंडी लागतात. आणि दमलेले आईबाप समुद्रात परत कसे येणार? चढायची वाट केली तरी उतरायची राहतेच. आपण धरणाकडं बघताना भिंत बघतो. माशाला भिंतीमागचं थांबलेलं पाणीही तितकंच नडतं.

मत्स्यबीज_वाला

मी तलाव ठेक्यानं घेतो, म्हणून विचारतो. आम्ही दरवर्षी रोहू-कटल्याचं बीज आणून सोडतो आणि धरतो. मासा संपत नाही. मग चीननं तेच केलं तर बिघडलं कुठं?

गोदाकाठचा

@मत्स्यबीज_वाला, केलंय की. १९८० च्या दशकापासून लाखोंनी पिल्लं सोडली. जंगली मासा धरून पैदास, मग बंदिस्त वाढवलेल्या माशांपासूनही पैदास. जात आज टाक्यांमध्ये जिवंत आहे ती त्यामुळंच, हे मान्य करायलाच हवं. पण तुम्ही रोहू सोडता तो वर्ष-दीड वर्षात धरायला. इथं सोडलेलं पिल्लू वाचून, समुद्रात जाऊन, पंधरा-वीस वर्षांनी नदीत परत यायला हवं, आणि आल्यावर त्याला गोट्यांचा तळ, वाहतं पाणी आणि वेळेवरचा गारवा मिळायला हवा. बीज पेरलं, पण वाफसाच येत नसेल तर उगवणार काय?

यातली गंमत बघा. आज जगात सगळ्यात जास्त कॅव्हियार चीनच तयार करतो, शेततळ्यांत आणि टाक्यांत पाळलेल्या स्टर्जनपासून. गाबोळी मुबलक, नदी रिकामी.

धर्माबादी

उशिरा आलो धाग्यावर. आमचं गाव गोदावरीवरच्या, तेलंगणाच्या सीमेजवळच्या बाभळी बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे: बाभळीचे चौदा दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. दरवर्षी १ जुलैला दोन्ही राज्यांचे अधिकारी येतात, पंचनामा होतो, दरवाजे वर जातात. आम्ही पोरं होतो तेव्हापासून नदीचं पाणी हे भांडणाचंच बघत आलाव, पण तारीख-वार लावून नदी उघडता येते हे मी डोळ्यानं बघितलंय. ते खालच्या माणसांसाठी. तसंच कॅलेंडर माशासाठी का लागू नये?

आणि समुद्रातून नदी चढणाऱ्या माशासाठी एवढ्या लांब जायची गरजच नाही. आपलीच गोदावरी खाली आंध्रात गेली की तिच्यात पुलसा येतो. म्हणजे हिलसाच, पण पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत शिरला की त्याला पुलसा म्हणतात. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तेलुगूत म्हणच आहे. आमच्याकडं अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात, त्यामुळं म्हण इथंही पोहोचली. मासा मात्र धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडतो. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याचा, कॉटन साहेबाचा बंधारा, १८५२ चा. त्या बंधाऱ्यानं डेल्ट्याचं दुष्काळी कपाळ बदललं आणि लोक आजही साहेबाच्या पुतळ्याला हार घालतात. दोन्ही खरं आहे.

गोदाकाठचा

@धर्माबादी, हाच मुद्दा मला लिहायचा होता आणि बाभळी डोक्यात आलीच नाही. धन्यवाद.

@कालव्याचा_शेवट, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथंच आहे. तुम्ही टोकाचे शेतकरी. तुम्हाला वर्षाला किती टीएमसी सुटलं हे सांगून काय उपयोग? ज्वारी पोटऱ्यात असताना कालव्याचं आवर्तन आलं तर ते पाणी. काढणीनंतर आलं तर चिखल. स्टर्जनचंही तेच आहे. त्याला सगळी नदी परत द्या असं कुणी म्हणत नाहीये. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठराविक गारव्याचं, ठराविक वेगाचं आवर्तन हवं. खोलवरच्या गार थरातलं पाणी सोडता येतं का, वीजनिर्मितीचं वेळापत्रक त्या काही आठवड्यांत बदलता येतं का, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे, आणि धरण न पाडता सुटू शकणारा आहे. दरवर्षी नाशिक-नगरकडून पाणी सुटायच्या वेळी आपण मराठवाडेवाले ६५ टक्क्यांचा नियम (जायकवाडी त्याखाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं) तोंडपाठ म्हणतो. का, तर आपण खालचे. या गोष्टीतला मासा आपल्याही खालचा, एवढंच.

फक्त उशीर फार झालाय. आवर्तन सोडलं तरी अंडी घालायला खाली मासा हवा.

हुरडा_पार्टी

वाचतेय. 'पोटऱ्यातलं आवर्तन' पटलं. आमच्या सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, त्या चिन्यांना म्हणावं पाटबंधाऱ्याच्या चकरा मारा.

मास्तर_परभणीचे

उशीर म्हणजे काय ते सांगतो. यांगत्सेतच स्टर्जनचा लांबचा भाऊबंद होता, चिनी पॅडलफिश. चमच्यासारखं लांब नाक, मोठा मासा. जानेवारी २००३ मध्ये यीबिनजवळ मच्छीमाराच्या जाळ्यात एक मादी आली. साडेतीन मीटर लांब, पोटात अंडी. संशोधक धावत पोहोचले, जखमांवर उपचार केले, अंगाला संदेश देणारं यंत्र लावलं आणि तिला सोडून दिलं. बोटीतून रात्रंदिवस मागावर राहिले. मग बोट खडकावर आदळली. दुरुस्ती होईपर्यंत संदेश हरवला. पुन्हा तो मासा कुणालाच दिसला नाही. २०२२ मध्ये आययूसीएनने, म्हणजे संकटातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, जात नामशेष म्हणून जाहीर केली. त्याच यादीत यांगत्से स्टर्जन, म्हणजे समुद्रात न जाणारा लहान भाऊ, निसर्गातून नामशेष ठरला, आणि जगातल्या उरलेल्या सगळ्या २६ जाती धोक्याच्या यादीत गेल्या.

मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं दरवेळी एकच विचारतात: सर, दुसरी बोट नव्हती का?

बर्फातला_लातूरकर

मास्तर, अंगावर काटा आला.

एक बरी बातमी माझ्याकडून. नोकरीमुळे विस्कॉन्सिनला असतो. इथं विनेबॅगो नावाचं मोठं उथळ तळं आहे, त्यात लेक स्टर्जन आहे, आणि चांगल्या संख्येनं आहे. तो समुद्रात जात नाही, तळ्यातून नदीत चढतो. फेब्रुवारीत तळं गोठलं की लोक बर्फावर अंधाऱ्या खोपटात बसतात, बर्फाला भोक पाडून भाल्यानं मासा मारतात. तुम्ही म्हणाल ही कसली बरी बातमी. पण मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदणी केंद्रावर दाखवायचा, आणि ठरवलेला आकडा भरला की हंगाम बंद, मग उरलेले दिवस असोत की नसोत.

वसंतात मासे वुल्फ नदीत अंडी घालायला येतात तेव्हा गावातले लोक काठावर पाळ्या लावून पहारा देतात. मी एकदा बायकोमुलांना घेऊन बघायला गेलो. काठाला दगड रचलेत, पाणी गुडघाभर, आणि त्यात पुरुषभर लांबीचे मासे. पाठी पाण्याबाहेर, शेपटीचे फटके, काठावरच्या लोकांच्या पँटी भिजतायत. मुलीनं हात लावला. म्हणाली, बाबा, खरखरीत आहे, आपल्या पाट्याला टाकी मारल्यासारखं. पाटा आजीकडं लातूरला पाहिलेला, तोच आठवला तिला.

पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही भाल्यानं मारताही आणि राखताही? तो हसला फक्त. कॉफी दिली.

अर्धा_कप_चहा

म्हणजे ज्यांना तो खायचाय त्यांनीच राखला. इकडं यांगत्सेवर सरळ बंदी आहे ना?

मास्तर_परभणीचे

हो. १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षं मासेमारी बंद. हजारो मच्छीमारांच्या होड्या काठाला लागल्या. बाकीच्या माशांना याचा फायदा होईल. स्टर्जनला दहा वर्षं म्हणजे अर्धी पिढीसुद्धा नाही. फ्रान्समध्ये युरोपियन स्टर्जनला १९८२ पासून संरक्षण आहे, तिथली शेवटची नैसर्गिक वीण १९९४ ची. तेव्हापासून ते पिल्लं सोडतायत आणि वाट बघतायत. धीर लागतो.

कालव्याचा_शेवट

बरं, मूळ मुद्दा राहिला. त्या टबातल्या माशाचं काय केलं?

गोदाकाठचा

भाऊ परत धरणात सोडायला निघाला होता. पाप नको म्हणे. थांबवला. सकर एकदा पसरला की आवरत नाही, जाळ्यात आला तर पाण्यात परत टाकायचा नाही, हे त्याला बांधावर बसून समजावलं. शेवटी लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून पुरला. शेजारचं पोरगं तोपर्यंत फोटो काढतच होतं, त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

आज दुपारी भावाचा परत फोन. त्याच जागी आणखी चार सापडलेत. विचारतोय, खड्डे किती खणू?